समुद्राजवळचे घर आणि त्याचे आवार

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या काही महिन्यांपासून मराठवाड्यातील दैनिकांच्या छोट्या जाहिरातींत एक नवा प्रकार सातत्याने दिसू लागला आहे. रत्नागिरी किंवा रायगड जिल्ह्यातील एखाद्या किनारी गावाचे नाव, जुने कौलारू घर, विहीर, नारळ-पोफळीची बाग, समुद्र चालत पाच मिनिटांवर, आणि शेवटी ‘स्वतंत्र हिस्से मिळतील’ अशी पुस्ती; खाली लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर येथील मध्यस्थाचा भ्रमणध्वनी क्रमांक. घर विकणे हा ज्याचा त्याचा अधिकार आहे आणि जाहिरात देण्यातही काही गैर नाही. माझा आक्षेप आहे तो त्या पुस्तीला, आणि हे पत्र तेवढ्याच विषयावर आहे.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला स्थापत्य अभियंता असून लातूरला राहतो. माझ्या पत्नीचे माहेर गुहागरजवळच्या एका गावातले असून तेथील घर आणि आवार यांत सासऱ्यांच्या पश्चात तिच्यासह पाच जणांचे समान हिस्से आहेत. त्या आवाराचे पाच भाग पाडून त्यांतील काही मराठवाड्यातील ग्राहकांना विकावेत, असा प्रस्ताव एका मध्यस्थाने कुटुंबापुढे ठेवला आहे. म्हणजे विकणारे माझे आप्त आणि घेणारे माझे गाववाले, अशी स्थिती आहे, आणि दोघांना सांगण्यासारखे माझ्याजवळ एकच आहे. किनाऱ्यालगतचे असे घर आवारासह एकसंध राहील तोवरच ते घर असते. त्याची वाटणी करायचीच झाली तर वापराची आणि उत्पन्नाची करावी, जमिनीची करू नये, आणि बाहेरच्या माणसाने त्यातला तुकडा विकत घेऊ नये.

‘मोठी जागा’ म्हटले की आपल्याकडच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे तारेचे कुंपण घातलेला, चारी कोपऱ्यांवर दगड रोवलेला बिगरशेती भूखंड येतो. गुहागर, आंजर्ले, मुरुड, दिवेआगर या पट्ट्यातील आवार त्या जातीचे नसते. गावातून किनाऱ्याला समांतर असा एक चिंचोळा रस्ता जातो. रस्त्यावर बेडे, म्हणजे आवाराचे प्रवेशद्वार, बेड्यातून आत अंगण, अंगणात तुळशीवृंदावन, पुढे जांभ्याच्या चौथऱ्यावरचे घर, त्याची ओटी, माजघर आणि पडव्या, कडेला गोठा, मागे विहीर, आणि विहिरीपासून निघालेले पाट ज्या बागेत जातात ते आगर. आगरात सर्वांत वर नारळ, त्याच्या सावलीत पोफळी, पोफळीच्या अंगावर मिरीचे वेल, मध्ये मध्ये जायफळ आणि केळी. आगराच्या टोकाला केवड्याचे बन आणि सुरू, त्यापलीकडे वाळूचा उंचवटा आणि मग समुद्र. रुंदी थोडी आणि लांबी पुष्कळ, असा हा पट्टा असतो. त्यातली प्रत्येक गोष्ट शेजारच्या गोष्टीच्या आधाराने उभी असते. केवडा आणि सुरू खारा वारा अंगावर घेतात म्हणून मागचा नारळ टिकतो. नारळाची सावली आहे म्हणून पोफळीच्या खोडाला दुपारनंतरचे ऊन भाजत नाही. आणि हे सगळे एका विहिरीच्या पाण्यावर, एका उतारावरून वाहणाऱ्या पाटांवर चालते. पाटांची आखणी ज्याने प्रथम केली त्याने उतार डोळ्यांनी जोखला असेल, पण माझ्यासारख्या लेव्हलिंग यंत्रे घेऊन फिरलेल्या माणसालाही त्यात खोट काढता येत नाही.

आता या पट्ट्याचे पाच भाग करून पाहू. आकडे सोयीसाठी थोडे गोल केले आहेत. रस्त्याकडची रुंदी १०० फूट आणि रस्त्यापासून समुद्राकडची लांबी ८०० फूट धरली तर क्षेत्र ८०,००० चौरस फूट, म्हणजे ७३ गुंठ्यांहून किंचित अधिक होते. जाहिरातीत ते ‘सुमारे दोन एकर’ असे लिहिले जाते आणि मराठवाड्यातला माणूस मनात लगेच दोन एकराला पाचने भागून मोकळा होतो. पण भागणार कसे? उभे भाग पाडले तर प्रत्येकाला २० फूट रुंद आणि ८०० फूट लांब अशी पट्टी मिळते. दोन्ही बाजूंना सोडावयाचे अंतर वजा केले की तिच्यात राहण्याजोगे घर बसत नाही. घराचे तर सोडाच, उंच जातीच्या नारळाच्या दोन ओळींत साडेसात मीटर, म्हणजे जवळजवळ २५ फूट अंतर ठेवावे लागते. त्या पट्टीत नारळाच्या दोन ओळीही मावणार नाहीत. आडवे भाग पाडले तर प्रत्येकी १६० फूट लांबीचे पाच चौकोन होतात. ते कागदावर देखणे दिसतात, पण रस्ता फक्त पहिल्या चौकोनाला लागतो. मागच्या चौघांना पहिल्याच्या अंगणातून वाट द्यावी लागते. ती दहा-बारा फुटांची वाट शेवटच्या चौकोनापर्यंत न्यायची म्हणजे एका कडेची झाडे आणि बहुधा पाटाचा मुख्य दंड तोडावा लागतो. घर पहिल्या चौकोनात, विहीर दुसऱ्यात, आणि पाण्याची गरज मात्र तिसऱ्या-चौथ्याला, असा प्रकार होतो. सामाईक विहिरीवर पंप कोणाचा, मीटर कोणाच्या नावाचा आणि बिल कोणी भरायचे, या तीन प्रश्नांवरून मराठवाड्यात सख्ख्या भावांचे किती संबंध तुटले आहेत, हे तालुक्याच्या कोणत्याही वकिलाला विचारावे.

वाट आणि पाणी यांतून मार्ग काढलाच, तरी किनारा नियमनाचा नियम उरतो. सीआरझेड या नावाने ओळखली जाणारी ही व्यवस्था १९९१ च्या अधिसूचनेने आली, २०११ मध्ये ती बदलली आणि १८ जानेवारी २०१९ रोजी पुन्हा नवी अधिसूचना निघाली. २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन वर्ग आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक वस्ती असलेल्या गावांत भरतीरेषेपासून ५० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र आहे. त्याहून विरळ वस्तीच्या गावांत ते २०० मीटर आहे. रत्नागिरीतील नारळ-पोफळीची बहुतेक गावे दुसऱ्या वर्गात मोडणारी आहेत. या २०० मीटरांत, मच्छीमारांसारख्या पारंपरिक किनारी समाजांची घरे वगळता, नवे घर बांधता येत नाही. जे अधिकृत घर आधीपासून उभे आहे, त्याची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी मूळ चौथरा आणि मूळ चटईक्षेत्र न ओलांडता करता येते, एवढीच मुभा आहे. त्यापुढे ५०० मीटरपर्यंत स्थानिकांच्या राहत्या घरांना परवानगी मिळते, तीही नऊ मीटर उंची आणि दोन मजले या मर्यादेत.

वरच्या उदाहरणाला हा नियम लावून पाहावा. आवाराची मागची हद्द भरतीरेषेपासून ५० फुटांवर आहे असे समजू. २०० मीटर म्हणजे ६५६ फूट. त्यांतले ५० फूट वाळूत गेले, म्हणजे आवाराच्या ८०० फुटांपैकी मागचे ६०६ फूट ना-विकास क्षेत्रात येतात. रस्त्याकडचे जेमतेम १९४ फूट, म्हणजे चौथाईहून कमी जागा, त्याबाहेर राहते. पाच आडव्या चौकोनांपैकी पहिला पूर्ण मोकळा, दुसऱ्यातील ३४ फूट मोकळे, आणि तिसरा, चौथा व पाचवा केवळ झाडे लावण्यापुरते. समुद्राला सर्वांत जवळचा म्हणून जो तुकडा सर्वांत महाग विकला जातो, त्याच्यावर कधीच घर उभे राहू शकत नाही. मध्यस्थ हे सांगत नाही, आणि आपला ग्राहक विचारत नाही, कारण लातुरात किंवा बीडमध्ये भरतीरेषेचा प्रश्न कधी आलेलाच नसतो. कुटुंबाच्या बाजूनेही हाच हिशेब वाटणीला अन्यायाचा ठरवतो. समान क्षेत्र म्हणजे समान हिस्सा, हे गृहीत इथे साफ कोसळते. ज्याच्या वाट्याला जुना चौथरा येतो त्याच्याकडेच बांधकामाचा हक्क जातो आणि उरलेल्यांच्या नावे सातबारा तेवढा होतो.

पाण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण माझी नोकरी त्यातच गेली आणि आपल्या लोकांची सर्वांत मोठी गैरसमजूतही तिथेच आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, ते दिवस आम्ही विसरलेलो नाही. अशा भागातल्या माणसाला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा कोकण म्हणजे पाण्याची कायमची ददात मिटल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात जांभा सच्छिद्र, उतार तीव्र आणि समुद्र जवळ. जूनपासून पडलेले पाणी भराभर वाहून आणि झिरपून जाते, आणि एप्रिल-मे महिन्यांत कोकणातल्याही कित्येक वाड्यांवर टँकर जातात. किनाऱ्यालगतच्या वाळूत जे गोडे पाणी असते ते खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण गोडे पाणी वजनाने हलके. विहिरीतील पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर उंच असेल, तर सपाटीखाली सुमारे चाळीस मीटर जाडीचा गोड्या पाण्याचा थर टिकतो. तीच पातळी उपशाने अर्धा मीटर खाली आली तर थर वीस मीटरने आकसतो. जुनी रुंद, उथळ विहीर हा थर वरच्या वर, हळूहळू काढते, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या गोडी राहिली. पाच हिस्सेदारांनी पाच विंधनविहिरी घेतल्या आणि आपल्याकडच्या सवयीप्रमाणे पाणी लागेपर्यंत खोल गेले, तर त्या पाचांचेच नव्हे, शेजारच्या आवारांचेही पाणी खारे होईल, आणि एकदा खारे झालेले पाणी गोडे व्हायला बरेच पावसाळे जावे लागतात. किनारा नियमनात भूजलाच्या उपशावर निर्बंध आहेत ते याच कारणाने. त्यातच पाच घरांचे पाच शोषखड्डे त्याच वाळूत, त्याच विहिरीच्या आसपास येणार. वाळूतून सांडपाणी किती वेगाने पसरते हे सांगायला अभियंता लागत नाही.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर ‘हिस्सा’ विकत घेणाऱ्याची स्थिती आणखी नाजूक आहे. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वडील २००५ पूर्वी वारले असले तरी तो हक्क कायम राहतो हे स्पष्ट केले. तेव्हा सातबारावर फक्त भावांची नावे पाहून व्यवहार करणाऱ्याने कधी काळी मराठवाड्यात, विदर्भात किंवा मुंबईत दिलेल्या बहिणींचा आणि त्यांच्या मुलांचा विचार केलेला नसतो. त्याच कायद्याच्या कलम २२ नुसार एका वारसाने आपला हिस्सा विकायला काढला तर बाकीच्या वारसांना तो घेण्याचा अग्रहक्क आहे, आणि तो शेतजमिनीलाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ४४ सांगते की, अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा विकत घेतलेल्या परक्याला त्या घराचा सामाईक ताबा मागता येत नाही. त्याने वाटणीचा दावा लावलाच, तर १८९३ च्या वाटणी कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कुटुंबातील व्यक्तीला न्यायालयाने ठरवलेल्या किमतीत त्याचाच हिस्सा विकत घेता येतो. म्हणजे पैसे भरून, मुद्रांक शुल्क भरून, ग्राहकाच्या हाती घर येत नाही. दिवाणी दाव्याची एक तारीख येते. याखेरीज १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचे कलम ८ आहेच. प्रमाणभूत, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या किमान क्षेत्रापेक्षा लहान तुकडा होईल अशी विक्री तर नाहीच, पण वाटणीही त्याने रोखली आहे. अलीकडे बिगरशेती पट्ट्यांसाठी सवलती जाहीर झाल्या आहेत, पण आगराची जमीन कागदावर शेतीच असते. कोकणातील सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात जुन्या कुळांची नावे अजून असतात. आपल्याकडे १९५० च्या हैदराबाद कुळकायद्याच्या सवयीने वाचणाऱ्या माणसाने तो रकाना तिथल्या जाणकाराकडून वाचून घ्यावा.

या सर्वावर एक उत्तर नेहमी दिले जाते आणि ते मी हलके मानत नाही. घर कोण सांभाळतो? गावी राहणारा एक भाऊ, त्याची बायको आणि म्हातारी आई. पावसाळ्याआधी कौले काढून फुटकी बदलायची, घर शाकारायचे, पश्चिमेच्या भिंतींना झडी बांधायच्या, वाळवीवर लक्ष ठेवायचे, खाऱ्या हवेने दरवर्षी गंजणारे पत्रे आणि बिजागऱ्या बदलायच्या, नारळ उतरवायला पाडेली मिळेल तेव्हा त्याच्या सवडीने मिळवायचा आणि उरलेले वानरांकडून वाचवायचे, हे सारे तो करतो. बाकीचे गणपतीत आणि मे महिन्यात येतात, शहाळी पितात, छायाचित्रे काढतात आणि परत जाताना नारळाचे पोते गाडीत टाकतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, दापोली, मंडणगड या भागातल्या बागा आडव्या केल्या, तेव्हा अनेक घरांत पडलेली झाडे तोडून उचलायचा खर्चसुद्धा जागेवरच्या एकट्याच्या अंगावर पडला. नवी पोफळ फळाला यायला पाच-सात वर्षे लागतात. तेवढी वर्षे मागे कोणी उभे नसेल तर त्याने का थांबावे? दुसरीकडे, दूर राहणाऱ्या हिस्सेदाराची मुलीच्या शिक्षणासाठी किंवा आजारपणासाठी आपल्या हिश्शाचे पैसे मिळावेत ही अपेक्षाही चुकीची म्हणता येत नाही. माझ्या पत्नीलाही तिच्या हिश्शाची किंमत आहे आणि ती मागण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. तेव्हा ‘वडिलोपार्जित वास्तू विकू नका’ असे भावनेचे आवाहन मी करत नाही. सर्वांनी मिळून संपूर्ण आवार एका खरेदीदाराला विकायचे ठरवले तर माझी काहीही हरकत नाही. तो खरेदीदार लातूरचा असो की लांज्याचा. अट एवढीच की शेतजमीन असल्याने तो कायद्याने शेतकरी असावा आणि त्याला भरतीरेषेचे अंतर व्यवहारापूर्वी लेखी कळलेले असावे.

पण विकायचे नसेल आणि सर्वांना काही ना काही मिळायला हवे असेल, तर वापराची वाटणी हा मार्ग खुला आहे आणि तो कोणाला नवा वाटायचे कारण नाही. देवस्थानच्या पाळ्या, सामाईक आडाच्या पाळ्या, बारवेवरच्या मोटेच्या पाळ्या, हे सर्व मराठवाड्यातही चालत आले आहे. फरक इतकाच की पूर्वी शब्दावर चालत असे, आता ते नोंदणीकृत कौटुंबिक करारात उतरवावे लागेल. जमीन, घर, विहीर आणि वाट ही अविभक्त राहतील, कोणीही स्वतंत्र विंधनविहीर किंवा बांधकाम करणार नाही, असे त्यात आधी लिहावे. व्यवस्थापन ठरावीक मुदतीसाठी एकाकडे द्यावे आणि त्याच्या कष्टाचा मोबदला उत्पन्नातून सर्वांत आधी काढावा. तो उपकार म्हणून मागे ठेवू नये. त्यानंतर मजुरी, दुरुस्ती, घरपट्टी, सारा आणि विमा, आणि जे उरेल ते हिश्शाप्रमाणे. रत्नागिरीजवळ भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने नारळात मसाल्याची आंतरपिके घेण्याची जी ‘लाखी बाग’ दाखवून दिली आहे, ती सलग आगरातच शक्य आहे. २० फुटांच्या पट्टीत नाही. घराच्या दोन खोल्या पर्यटन विभागाच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदवता येतात. किनारा नियमनातही चौथरा न वाढवता आणि घराचे बाह्यरूप न बदलता स्थानिकांना अशी घरगुती सोय करण्यास वाव ठेवलेला आहे. विजापूरहून जत, कऱ्हाड आणि चिपळूणमार्गे थेट गुहागरला पोचणारा राष्ट्रीय महामार्ग आहे. सोलापूर-लातूरकडचा पाहुणा त्या वाटेने आजही येतो आणि त्याला जमिनीचा तुकडा नको असतो, चार दिवस राहायला स्वच्छ घर हवे असते. आणि ज्या हिस्सेदाराला बाहेर पडायचे आहे, त्याने आपला हिस्सा कुटुंबातच द्यावा, त्याची किंमत नोंदणीकृत मूल्यांककाकडून ठरवावी, आणि ती हप्त्यांनी देण्याची मुदत करारातच असावी. ही किंमत ठरवताना भूखंडाचा बाजारभाव लावणे चूक आहे असे माझे स्पष्ट मत आहे. जिथे तीन चतुर्थांश जागेवर बांधकाम होऊच शकत नाही, तिथे बांधकामयोग्य भूखंडाचा दर हा केवळ जाहिरातीतला दर असतो. रस्त्याकडच्या भागाला एक दर आणि आगराला बागायतीचा दर, असा हिशेब व्हायला हवा.

आपल्याकडे एक गोष्ट मागायची आहे. महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची नोंदणी ज्यांना लागू आहे अशा प्रकल्पांच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड छापणे १ ऑगस्ट २०२३ पासून बंधनकारक झाले. एका कुटुंबाच्या घराचे चार-पाच हिस्से विकणारी छोटी जाहिरात मात्र त्या चौकटीत सहसा येत नाही, त्यामुळे तिला विचारणारे कोणीच नाही. आपल्या जाहिरात विभागाने अशा जाहिरातींसोबत सर्व्हे व हिस्सा क्रमांक, सातबारावरील सर्व नावांची संमती आहे की नाही, आणि भरतीरेषेपासूनचे अंतर ही माहिती मागावी आणि ती छापूनच जाहिरात घ्यावी. दर ओळीमागे पैसे आकारणाऱ्या दैनिकाचे त्यात नुकसान नाही. शासनानेही महाभूलेख संकेतस्थळावरील किनारी गावांच्या सातबारात हे क्षेत्र किनारा नियमनाच्या कोणत्या वर्गात येते याची नोंद ‘इतर हक्क’ रकान्यातच करावी, म्हणजे उदगीरला किंवा हिंगोलीला बसून उतारा काढणाऱ्यालाही ते दिसेल. मंजूर आराखड्याचे नकाशे शोधून आपला सर्व्हे क्रमांक त्यावर बसवणे हे सामान्य खरेदीदाराचे काम नव्हे.

आमच्या कुटुंबाची बैठक येत्या गणपतीत गावच्या घरीच होणार आहे आणि वर सांगितलेल्या कराराचा मसुदा मी त्यासाठी तयार केला आहे. पाचपैकी एका हिस्सेदाराची त्याला अद्याप संमती नाही. त्यांनी आपल्या हिश्शाची मागितलेली किंमत मध्यस्थाने सांगितलेल्या भूखंडाच्या दराने आहे. भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज केला असून, मोजणीचा नकाशा हाती आल्यावर त्यावर २०० मीटरची रेषा आखायची आणि मगच त्या किमतीवर बोलायचे, एवढे मात्र पाचही जणांनी मान्य केले आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, लातूर